परदेशातली बारा जणांची चौकी आणि पहाऱ्याची यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भरतीचा हंगाम जवळ आला की बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी भागात पहाटेच्या अंधारात पोरे धावताना दिसतात. १,६०० मीटरची वेळ, बीमवरचे पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा यांची तयारी करून घेणाऱ्या अकादमीही आता बऱ्याच आहेत. त्यांचे फोटो आपल्या दैनिकात येतात. पुढे काही वर्षांनी त्यांतलाच एखादा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून परततो, गावात मिरवणूक निघते, तीही बातमी येते. या दोन बातम्यांच्या मधले मात्र काही छापून येत नाही. परक्या मुलखात, लढाई पेटलेल्या टापूत, दहा-बारा जणांच्या चौकीवर ही पोरे एकमेकांबरोबर कशी राहिली, कशामुळे त्यांचे जमले, कशामुळे बिघडू शकले असते, हे त्यांना कोणी विचारत नाही.

आम्ही काही निवृत्त सैनिकांनी एकत्र बसून हे पत्र लिहिले आहे. त्यात आमच्या आठवणी नाहीत; चौकीचे काम कसे चालते तेवढेच आहे. चौकीवरचा जिव्हाळा आपोआप येत नाही, असे आमचे ठाम मत आहे. ‘आपली पोरे जिवाला जीव देणारी’ हे सत्काराच्या भाषणात शोभते. पण तो जीव द्यायची वेळ येण्याआधी शेकडो रात्री एका तंबूत काढाव्या लागतात, आणि त्या रात्री पहाऱ्याची यादी, भाताची वाटणी, पाण्याचा कॅन आणि मोबाइलचा चार्जर यांवरच तरतात किंवा बुडतात. या गोष्टी भरतीआधी इथल्या मैदानावर शिकवता येतात. ते व्हावे म्हणून हे पत्र.

आधी जागेची कल्पना द्यायला हवी. भारताने १९५० मध्ये कोरियात संयुक्त राष्ट्रांच्या फौजांबरोबर ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पाठवली, तेव्हापासून आपले सैनिक कांगो, लेबनॉन, दक्षिण सुदान अशा देशांत निळी टोपी घालून जात आले आहेत. ही कवायत नसते. दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात ९ एप्रिल २०१३ रोजी ताफ्यावर दबा धरून केलेल्या हल्ल्यात पाच भारतीय सैनिक मारले गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबोच्या छोट्या तळावर जमाव चालून आला आणि आपले दोन जवान कामी आले. मोठ्या छावणीत दवाखाना, भटारखाना, वर्कशॉप सगळे असते. खरी परीक्षा होते ती तिथून लांब पाठवलेल्या छोट्या तुकडीची.

तिथली जमीन आपल्या अथणी, सौंदत्ती, बैलहोंगलच्या काळ्या रानासारखीच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की चिकट गारा होतो. दक्षिण सुदानात हा पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर पडतो आणि तेवढे महिने कित्येक रस्ते बंदच असतात. हेलिकॉप्टर येईल तेव्हा रसद, नाही आले तर आहे त्यात भागवायचे. अशा ठिकाणी बारा माणसे एकमेकांपासून दूर जाऊच शकत नाहीत. गावात भांडण झाले तर माणूस दोन दिवस मामाच्या घरी जाऊन येतो. चौकीवर मामाचे घर नाही.

आता पहाऱ्याच्या यादीकडे येतो, कारण सगळे बिघडते ते इथून. रात्री ८ ते सकाळी ६ असे १० तास, आणि जागेवर कायम दोघे. म्हणजे एका रात्रीत २० तासांचा पहारा वाटायचा. बारा जणांत कमांडर, वायरलेस ऑपरेटर आणि लांगरी म्हणजे स्वयंपाकी यांना यादीतून वगळण्याची सवय पुष्कळ ठिकाणी असते. मग उरलेल्या नऊ जणांच्या वाट्याला प्रत्येकी २ तास १३ मिनिटे येतात. बाराही जण उभे राहिले तर १ तास ४० मिनिटे. फरक ३३ मिनिटांचा, ऐकायला किरकोळ. सहा महिन्यांच्या १८० रात्री धरल्या तर तो माणशी १०० तास झोपेचा होतो. त्यात दोघांना ताप आला की नऊचे सात होतात आणि पाळी जवळजवळ तीन तासांची. चौथ्या-पाचव्या रात्री कोणीतरी उभ्या उभ्या डुलकी घेतो, दुसरा ते बघतो, आणि त्या क्षणापासून त्या दोघांचा एकमेकांवरचा भरवसा संपतो. पुढचे भांडण साबणावरून झाले तरी मूळ इथेच असते.

यादी बारा जणांची असावी. प्रत्येकाने १०० मिनिटे उभे राहायचे, पण दोघांनी एकदम बदलायचे नाही. दर ५० मिनिटांनी एकच माणूस बदलायचा. अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो. दोघे एकदम नवे आले तर पहिला अर्धा तास चौकी आंधळी असते. एक जुना, एक नवा असे असले की एकाचे डोळे नेहमी तयार असतात, शिवाय मागच्या ५० मिनिटांत काय ऐकू आले ते पुढच्याला तोंडी समजते. मोबाइलचा पडदा एकदा उजळला की हे सरावलेले डोळे गेले, म्हणून पहाऱ्यावर मोबाइल नको. लांगऱ्याला पहिली पाळी द्यावी, म्हणजे ९ वाजून ४० मिनिटांनी तो मोकळा होतो आणि पहाटे चुलीपाशी जायच्या आत त्याची झोप पुरी होते. ऑपरेटरला पहिली ५० मिनिटे आणि शेवटची ५० मिनिटे द्यावीत, कारण सकाळच्या रेडिओ संपर्कासाठी त्याला उठायचेच असते. उरलेल्या दहा जणांची नावे रोज एक घर पुढे सरकवावीत. दहा रात्रींत प्रत्येक जण प्रत्येक पाळीवर उभा राहतो. त्यात कमांडरही आला. १ वाजून ५० मिनिटांची पाळी सर्वांत वाईट, कारण तिच्या दोन्ही बाजूंची झोप मोडते. त्या पाळीवर कमांडर स्वतः उभा दिसला की त्याला दुसऱ्या दिवशी काही समजावून सांगावे लागत नाही.

ही यादी कमांडरच्या खिशात नको. फळ्यावर खडूने, सर्वांना दिसेल अशी लिहिलेली हवी. दोघांनी आपसात पाळी बदलली तरी फळ्यावर लिहायची. तोंडी अदलाबदल महिन्याभरात ‘तू माझ्या तीन पाळ्या लागतोस’ इथवर जाते आणि मग हिशेब कोणालाच लागत नाही.

दुसरी जागा चुलीची. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस देण्यात आले, पण बहुतेक हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने ते नाकारले. धर्मगुरूंची परवानगी मागवली गेली, पण तिचा उपयोग व्हायला फार उशीर झाला. अशक्तपणा आणि स्कर्व्हीने माणसे आधीच खचली होती. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या चौकीलाही लागू आहे. कोण काय खातो, कोणाचा सोमवार, कोणाचा रोजा, कोणाला मांसाचे भांडे वेगळे लागते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवायचे. टंचाई आल्यावर विचारले तर त्या प्रश्नालाच आरोपाचा वास येतो.

लांगरी एकच असतो आणि त्याला ताप आला की चौकी उपाशी, म्हणून रोज एक जण पाळीने त्याच्या हाताखाली फटीगला, म्हणजे वरकामाला, हवा. तिसऱ्या महिन्यापर्यंत बाराही जणांना कणीक मळता आली पाहिजे, डाळ शिजवता आली पाहिजे. गस्तीवर गेलेल्यांची ताटे आधी काढून झाकून ठेवायची, मग बाकीच्यांनी बसायचे. पातेल्याच्या तळाची खरवड रात्री परतलेल्या माणसाच्या पुढे आली तर तो काही बोलत नाही, पण विसरतही नाही. मटणाच्या फोडी मोजून वाढायच्या. कमांडरचे ताट शेवटचे.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. त्या उन्हात काम करणाऱ्याला दिवसाला सहा लिटरपर्यंत पिण्याचे पाणी लागते. स्वयंपाक, भांडी, हातपाय, अंघोळ धरून माणशी वीस लिटर, म्हणजे एक पूर्ण कॅन. बारा जणांना बारा कॅन. टँकर चिखलात रुतला की दहा लिटरवर यायचे, आणि तेव्हा कपात आधी अंघोळीत करायची, पिण्यात नाही. कॅनवर नावे घालावीत. सामाईक पिंपात हात लांब असलेल्याचे फावते. नदीचे किंवा विहिरीचे पाणी असेल तर आधी फडक्याने गाळून, तुरटीने निवळून घ्यायचे आणि मगच क्लोरीन टाकायचे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होते आणि जंतू तसेच राहतात. टाकल्यावर ३० मिनिटे थांबायचे आणि तपासणीत लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले तरच प्यायचे. घाईत ही ३० मिनिटे गाळली जातात, तिसऱ्या दिवशी चौघे हगवणीने आडवे होतात, आणि त्यांचा पहारा बाकीच्या आठांवर पडतो.

फौजेत प्रत्येकाला एक ‘बडी’ असतो. बाहेरच्यांना वाटते, बडी म्हणजे गप्पांचा दोस्त. बडीचे काम बारीक आणि कंटाळवाणे आहे. जोडीदाराने आज पाणी किती प्यायले, लघवी गडद होते आहे का, बूट काढल्यावर बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडली आहे का, हे त्याने रोज बघायचे. काळ्या मातीच्या चिखलात पाय दिवसभर ओले राहतात. मोज्यांचे तीन जोड हवेत. एक पायात, एक वाळत, एक प्लास्टिकमध्ये कोरडा ठेवलेला. हा कोरडा जोड फक्त झोपताना घालायचा.

हिवतापाच्या गोळ्यांच्या बाबतीत बडीची जबाबदारी सर्वांत मोठी. तिथला फॅल्सिपॅरम जातीचा, सर्वांत घातक हिवताप मेंदूपर्यंत जातो. डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे काहींना आठवड्यातून एकदा २५० मिलिग्रॅम मेफ्लोक्विन असते, काहींना रोज १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन. आठवड्याची गोळी सर्वांनी एकाच वारी, एकमेकांसमोर घ्यायची. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही. घोटभर पाण्यात गिळून झोपले तर अन्ननलिकेला जखम होते, गिळताना दुखते, आणि मग माणूस कोणाला न सांगता गोळी टाकून देतो. मेफ्लोक्विनने काहींना भयंकर स्वप्ने पडतात, अस्वस्थपणा, चिडचिड, संशय वाढतो. कालपर्यंत हसतखेळत असलेला जोडीदार एकाएकी सगळ्यांवर गुरकावू लागला, तर त्याचा स्वभाव काढण्याआधी तो कोणती गोळी घेतो ते बघायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. औषध बदलले की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. न बघता त्याला वाळीत टाकले तर प्रश्न दुप्पट होतो.

जखमेच्या वेळी संयुक्त राष्ट्रांचा नियम १०-१-२ असा आहे. दहा मिनिटांत प्रथमोपचार, एका तासात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. पहिली दहा मिनिटे डॉक्टरची नसतात, बडीची असतात. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, रक्त थांबेपर्यंत आवळायचे आणि बांधल्याची वेळ लिहायची. ते प्रत्येकाच्या अंगावर एकाच ठरलेल्या जागी असावे, म्हणजे अंधारात चाचपडावे लागत नाही. जखमीची पट्टी जखमीच्याच खिशातून काढायची. स्वतःची त्याला बांधली तर पुढच्या क्षणी आपल्याला काही उरत नाही. हे अगदी साधे आहे आणि घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो. म्हणून डोळे बांधून सराव करायचा, आठवड्यातून एकदा तरी.

शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, चढ्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणले, आणि पुन्हा जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या शहरातच मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, म्हणून हे नाव इथल्या पोरांना पाठ असते. अंगावर भार घेऊन पाण्यातून चालण्याचा सराव मात्र फार थोड्यांना असतो. सत्तर किलोचा माणूस खांद्यावर घेऊन शंभर मीटर चालणे ही वेगळी ताकद आहे. १,६०० मीटरच्या वेळेवरून ती कळत नाही.

वायरलेसबद्दल थोडक्यात. ऑपरेटरखेरीज निदान तिघांना सेट लावता आला पाहिजे. लांबच्या एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) संपर्काला दिवसा वरची फ्रिक्वेन्सी चालते, रात्री खालची लागते. एका फ्रिक्वेन्सीवर दिवसा मिळालेला संपर्क रात्री मिळत नाही म्हणून सेट बिघडला असे समजू नये. ५ मेगाहर्ट्झला तारेचा अँटेना एकूण साडेअठ्ठावीस मीटर, दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा. चार्जिंगचा क्रम फळ्यावर लिहावा: आधी सेटच्या बॅटऱ्या, मग टॉर्च आणि रात्रीची दुर्बीण, मग मोबाइल. बारा मोबाइल आणि चार सॉकेट असतील तर घड्याळ लावून पाळी ठरवावी. सॉकेटवरून झालेली हातघाई आपण खूप ऐकली आहे, बंदुकीवरून झालेली कधी नाही.

गाडी रुतण्याचा प्रसंग तर प्रत्येक तुकडीवर येतो. ड्रायव्हर घाबरून अॅक्सिलरेटर दाबत राहतो, चाके आपलाच खड्डा खणतात आणि गाडी अॅक्सलपर्यंत बसते. पहिल्या घसरणीलाच थांबावे, टायरमधली हवा कमी करावी, चाकांसमोरचा चिखल काढून फळ्या किंवा फांद्या घालाव्यात. दोरीने ओढताना दोरीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. तुटलेली दोरी चाबकासारखी येते. आणि खाली उतरून पहिले फावडे कमांडरने उचलावे. आत बसून ड्रायव्हरला शिव्या देणाऱ्या कमांडरची तुकडी गाडी काढते, पण पुढच्या वेळी ड्रायव्हर पुढचा रस्ता वाईट आहे हे त्याला सांगत नाही.

भाषेबद्दल सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पाटीवरच्या अक्षरावरून किती घुसमट होते ते आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. म्हणूनच इथला पोरगा चौकीवर फार उपयोगी ठरतो. घरी मराठी, बाजारात कन्नड, पलटणीत हिंदी अशी जीभ फिरवायची सवय असल्याने तिथली अरबी किंवा स्वाहिली तो लवकर उचलतो. त्याच्यावर एक जबाबदारीही येते. दोघे गाववाले आपल्या बोलीत हसत असतील आणि तिसरा कुर्गचा किंवा बिहारचा जोडीदार येऊन बसला, तर त्याला वाटते हसणे आपल्यावरच आहे. तो आल्यावर हिंदीवर यावे, एवढेच. बडीच्या जोड्या लावताना खानापूरच्या दोघांना एकत्र घालू नये. गाववाले तसेही एकमेकांना सांभाळतात. जोडी परक्याशी लावली की तुकडीत गट पडत नाहीत.

दुभाष्याला तुकडीचा तेरावा माणूस समजावे. तो स्थानिक असतो, त्याचे घर त्याच लढाईच्या टापूत असते आणि आपण परत गेल्यावरही त्याला तिथेच राहायचे असते. जेवायला तो आपल्या पंगतीत बसावा. बोलताना समोरच्या माणसाकडे बघून छोटी वाक्ये बोलावीत, दुभाष्याकडे बघून नव्हे. त्याला अडचणीत आणणारा प्रश्न गावकऱ्यांसमोर त्याच्या तोंडी घालू नये. दक्षिण सुदानात जोंधळा हेच मुख्य धान्य आहे, त्याची किसरा नावाची पातळ पोळी करतात. आपल्या पोरांनी भाकरी थापून दाखवली की चुलीपाशी बसलेल्या बायका बोलत्या होतात, आणि रस्त्यावर पुढे काय चालले आहे ते अशा बोलण्यातूनच कळते.

काही विपरीत घडले, सोबती जखमी झाला किंवा गेला, तर त्या रात्री चूक कोणाची हे विचारू नये. आधी हत्यारे सुरक्षित करावीत, पाणी, जेवण, झोप. कोणाला बोलायचे असेल त्याचे ऐकावे, ज्याला बोलायचे नाही त्याच्याकडून जबरदस्तीने वदवून घेऊ नये. त्याने त्रास कमी होत नाही. चौकशी व्हायचीच आहे, ती तिच्या वेळी होईल. रोजच्या संध्याकाळी मात्र दहा मिनिटे सर्वांनी बसावे: आज काय झाले, कुठे अडले, उद्या काय बदलायचे. सर्वांत नव्या जवानाने आधी बोलावे, कमांडरने शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात.

आता घरच्यांसाठी, कारण तुकडीचा निम्मा तोल इथून बिघडतो. दक्षिण सुदान आणि पूर्व कांगो आपल्या साडेतीन तास मागे आहेत. तिथे रात्रीचे ९ म्हणजे इथे साडेबारा. आपल्या संध्याकाळी साडेसातला तिथे चार वाजलेले असतात, ती वेळ बरी. कोणी जखमी झाले तर अधिकृत निरोप त्याच्या घरी पोहोचेपर्यंत सर्वांचे फोन बंद केले जातात. म्हणून दोन दिवस फोन लागला नाही तर अमंगळ धरून चालू नका आणि दुसऱ्या जवानाच्या घरी फोन करून त्यांचाही जीव टांगणीला लावू नका. व्हॉट्सअॅपवर आलेली ऐकीव बातमी पुढे पाठवू नका. घरात मृत्यू झाला, वाटणीचा वाद झाला, बायकोला दवाखान्यात ठेवले, अशी बातमी मुलाला थेट फोनवर सांगू नका. आधी पलटणीच्या इथल्या कार्यालयाला सांगा. ते कमांडरला कळवतात, आणि ती बातमी ऐकताना तो पहाऱ्यावर भरलेली रायफल घेऊन एकटा उभा नसतो. बडी शेजारी असतो.

परत आल्यावर हिवतापाची गोळी साधारण चार आठवडे चालू ठेवायची असते. सत्कारांच्या गडबडीत ती राहून जाते. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच ‘आफ्रिकेतून आलोय’ सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासावे. रात्री पावणेदोनला जाग येऊन अंगणात बसणारा पोरगा वेडा झालेला नसतो. त्याचे शरीर अजून पाळीवर असते. त्याच्या तुकडीतल्यांशी बोलणे चालू राहू द्यावे, ‘तिकडे किती जण मेले’ असे पंगतीत विचारू नये. महिनाभराने झोप परतली नाही तर सेवेत असलेल्यांनी लष्करी रुग्णालयात जावे. १४४१६ या सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येते.

आपल्या दैनिकाला विनंती अशी, की सत्काराची बातमी देताना तुकडी सध्या नेमकी कुठे आहे, रसद कोणत्या दिवशी निघते असे तपशील छापू नयेत, आणि एका जवानाच्या फोटोबरोबर त्याच्या लांगऱ्याला, ऑपरेटरला, ड्रायव्हरलाही दोन ओळी द्याव्यात.

अकादमी चालवणाऱ्या उस्तादांना विनंती वेगळी आहे. महिन्यातून एकदा बारा पोरांना दोन रात्री मैदानावर ठेवा, शक्यतो खानापूरच्या बाजूला पावसाच्या दिवसांत. पोरे एका गावची नकोत, काही मराठी बोलणारी, काही कन्नड बोलणारी घ्या. मोबाइल काढून घ्या. दिवसाला बारा कॅन पाणी द्या, दुसऱ्या दिवशी न सांगता सहाच द्या. एका जेवणाला १,८०० ग्रॅम तांदूळ आणि ६०० ग्रॅम डाळ, चूल त्यांनीच मांडायची, ओला जळणफाटाही त्यांनीच सुकवायचा. चौघांना जेवणाच्या वेळी मुद्दाम लांब पाठवा आणि परतल्यावर त्यांच्या ताटात काय आहे ते बघा. फळ्यावर पहाऱ्याची यादी त्यांची त्यांना करू द्या, चुकली तरी हात घालू नका. मध्यरात्री एकाला ताप आला असे सांगून यादीतून काढा. मग १ वाजून ५० मिनिटांची त्याची पाळी कोण मागून घेतो, त्याचे नाव वहीत लिहून ठेवा.

आपले,
काही माजी सैनिक
बेळगाव आणि खानापूर तालुका